काठमांडूचा दरबार चौक पायी कसा बघायचा: घाबरलेल्या राजांनी बसवलेले देव

नेपाळच्या पॅकेज टूरमध्ये काठमांडूच्या दरबार स्क्वेअरला जेमतेम पाऊण तास देतात. बस लांब कुठेतरी थांबते, गाईड छत्री वर धरून पुढे पळतो, कुमारीचं, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या लहान मुलीचं घर दाखवतो, काळभैरवासमोर ग्रुप फोटो होतो आणि लगेच पशुपतिनाथला पळायचं असतं. अशा पाऊण तासात तिथलं काहीच कळत नाही, फक्त भरपूर लाकडी देवळं आणि भरपूर कबुतरं लक्षात राहतात. म्हणून हा लेख जे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेत बघणार आहेत त्यांच्यासाठी. अर्धा दिवस ठेवा, जमलं तर एकदा सकाळी सातच्या आत आणि एकदा संध्याकाळी असं दोनदा जा.

आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी सगळं आपोआप उलगडत जातं. या चौकातल्या जवळजवळ प्रत्येक श्रद्धेच्या किंवा अंधश्रद्धेच्या (तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा) मागे एक घाबरलेला राजा आहे. कुणाला शेजारच्या राजाची भीती, कुणाला स्वतःच्या भावाची, कुणाला रोगाची, कुणाला देवीच्या कोपाची. प्रत्येकाने आपापली भीती घालवायला इथे काहीतरी उभारलं. गाईड तारखा सांगतो, पुजारी चमत्कार सांगतो, पण दोन्ही एकत्र ठेवून बघितलं तरच खरी मजा येते.

निघायच्या आधी

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर भागेल असं समजून एअरपोर्टवर जाऊ नका. भारतीय शंभराच्या नोटा दुकानदार सहज घेतात, रेट ठरलेला आहे, आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. शनिवारी तिथे साप्ताहिक सुट्टी असते त्यामुळे त्या दिवशी चौकात लोकल गर्दी खूप, देवळात रांगा, पण वातावरणही त्याच दिवशी छान असतं.

टॅक्सीवाल्याला नुसतं "दरबार स्क्वेअर" म्हणू नका. काठमांडूच्या खोऱ्यात तीन दरबार चौक आहेत, काठमांडूचा, पाटणचा आणि भक्तपूरचा, कारण १४८२ मध्ये यक्ष मल्ल राजा गेल्यावर राज्याच्या वाटण्या होत गेल्या, तीन राज्यं झाली आणि मग पुढची जवळपास तीनशे वर्षं तिन्ही घरं एकमेकांवर कुरघोडी करत बसली. एकाने देऊळ बांधलं की दुसरा त्याहून मोठं बांधणार. आपल्याला आज जे डोळे भरून बघायला मिळतं ते सगळं त्या भाऊबंदकीतून आलेलं आहे. तर टॅक्सीवाल्याला "बसन्तपुर" किंवा "हनुमान ढोका" सांगा, म्हणजे तो भक्तपूरला नेऊन सोडणार नाही.

चौकाच्या प्रत्येक तोंडाशी तिकिटाचा काउंटर आहे. सार्क देशांच्या लोकांना बाकीच्या परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी पैसे पडतात, पण त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यामुळे ते हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून येऊ नका. दुसऱ्या दिवशी परत यायचं असेल तर तिकीट चौकातल्या ऑफिसात वाढवून मिळतं, काउंटरवरचा माणूस स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्हीच विचारा. काउंटरजवळच गाईड मंडळी गाठतात. गाईड घ्यायचा असेल तर पैसे आणि वेळ आधी ठरवा, आणि मुख्य म्हणजे हिंदीत बोलायला सांगा, इंग्रजीतली पाठ केलेली टेप ऐकण्यापेक्षा हिंदीत हे लोक खूप मोकळे होतात. हाक मारायची तर पुरुषाला "दाई", बाईला "दिदी", एवढं म्हटलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

सुरुवात ठमेलकडून करा, न्यू रोडकडून नको

बहुतेक बसगाड्या न्यू रोडच्या बाजूने आणतात. तो रस्ता १९३४ च्या मोठ्या भूकंपानंतर नव्याने काढलेला, रुंद, दुकानांचा, त्यात बघण्यासारखं फार नाही. तुम्ही ठमेलमध्ये, म्हणजे पर्यटकांच्या हॉटेलांच्या भागात, उतरला असाल तर दक्षिणेकडे पायी निघा, वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे, पण त्याला दीड तास लागू द्या.

वाटेत बांगेमुढा नावाची जागा येते. तिथे भिंतीला लागून लाकडाचा एक ओंडका आहे आणि त्यावर खिळे, खिळे आणि खिळे. जवळ जाऊन बघा. लाकूड असं दिसतच नाही, जुने गंजलेले खिळे, त्यावर नवे, मधेमधे नाणी ठोकलेली, सगळं एकात एक वितळल्यासारखं झालंय आणि मधल्या एका भोकात देवाची छोटीशी मूर्ती. हा वैश्यदेव, दातदुखीचा देव. दात दुखला की इथे येऊन नाणं खिळ्याने ठोकायचं, दुखणं लाकडात जातं अशी समजूत. आणि आता आजूबाजूला मान फिरवा, दातांच्या डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या. देवाकडे गुण आला नाही की पेशंट समोरच्या जिन्याने वर, यापेक्षा चांगली जागा दवाखान्याला कुठली मिळणार!

पुढे असन चौक, अन्नपूर्णेचं देऊळ, मसाले, सुकी मासळी, पितळी भांडी. मग इंद्रचोक, तिथे आकाशभैरवाचं देऊळ वरच्या मजल्यावर आहे. लोक सांगतात की हे यलंबर नावाच्या किरात राजाचं शीर, तो महाभारताचं युद्ध बघायला गेला, हरणाऱ्या बाजूने लढणार म्हणाला आणि कृष्णाने त्याचं डोकं उडवलं. राजस्थानातल्या खाटूश्यामच्या बर्बरीकाची गोष्ट माहीत असेल तर ऐकताना गंमत वाटते. इथून मखन टोल नावाची गल्ली थेट दरबार चौकात उघडते. याच बाजूने आत शिरा.

पहिला थांबा: तळेजू, जिच्याकडे फक्त मान वर करून बघायचं

चौकात पाय ठेवल्या ठेवल्या बारा पायऱ्यांच्या जोत्यावर चढलेलं तीन छपरांचं देऊळ दिसतं, उंची साधारण ३५ मीटर. हे तळेजू भवानीचं देऊळ, १५६४ मध्ये महेंद्र मल्ल राजाने बांधलं. तळेजू ही मल्ल राजांची कुलदेवता. कितीतरी पिढ्या काठमांडूत या देवळापेक्षा उंच घर बांधायचं नाही असा दंडक होता, देवीच्या डोक्यावर कुणी राहायचं नाही.

आत जाता येत नाही. वर्षातून एकदा, दशैं म्हणजे आपल्या नवरात्राच्या नवमीला, दार सामान्य हिंदू भाविकांसाठी उघडतं. बाकी वेळ बंद.

मराठी माणसाला तळेजू भवानी ऐकलं की तुळजापूर आठवणारच. हा दुवा अगदीच हवेतला नाही. ही देवी काठमांडूच्या खोऱ्यात आणली ती नेपाळच्या तराईतल्या सिम्रौनगढच्या कर्नाट घराण्याने असं सांगतात, चौदाव्या शतकात दिल्लीच्या तुघलकाने ते राज्य मोडल्यावर तिथली माणसं देवीला घेऊन डोंगरात आली. हे घराणं मुळात दक्षिणेतून वर गेलेलं, म्हणून काही अभ्यासक तळेजूचा संबंध तुळजाभवानीशी जोडतात. पुजाऱ्यासमोर मात्र हा वाद काढू नका, त्याच्या लेखी देवी इथलीच.

दुसरा थांबा: हनुमान ढोका आणि प्रताप मल्लाचे उद्योग

आता राजवाड्याच्या दाराशी या. दाराबाहेर उंच दगडी चौथऱ्यावर, लाल कापडात गुंडाळलेला, डोक्यावर छत्री धरलेला हनुमान बसलाय. १६७२ मध्ये प्रताप मल्लाने बसवला. तोंड बघायला गेलात तर तोंड नाहीच. शेंदूर आणि तेलाचे थर इतके चढलेत की नाक, डोळे, जबडा सगळं आत गडप झालंय आणि एक गुळगुळीत केशरी-लाल गोळा उरलाय. का, याची दोन उत्तरं मिळतात. एक असं की याची नजर फार जबरदस्त, शत्रूला मारते पण चुकून आपल्यावर पडली तरी सोसवणार नाही, म्हणून डोळे बुजवलेले बरे. दुसरं मिश्कील उत्तर असं की समोर जगन्नाथाच्या देवळाच्या टुंडालांवर, म्हणजे छपराला आधार देणाऱ्या तिरक्या लाकडांवर, जी कामशिल्पं कोरलीत ती ब्रह्मचाऱ्याला दिसायला नकोत.

त्या कामशिल्पांचंही एक स्पष्टीकरण आहे. वीज ही लाजाळू कुमारिका देवी, असलं काही दिसलं की ती लांबूनच परत फिरते आणि देऊळ वाचतं. थोडक्यात लाकडी देवळाचा विमा. शाळेची सहल आली की मास्तर इथून मुलांना जरा भराभरा पुढे नेतात.

आता या प्रताप मल्लाबद्दल. याने १६४१ ते १६७४ राज्य केलं आणि चौकातलं अर्धं महत्त्वाचं काम याचंच. स्वतःला "कवीन्द्र" म्हणवून घ्यायचा, म्हणजे कवींचा राजा. राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीला बाहेरून, खाली, एक लांबलचक शिलालेख आहे तो नक्की शोधा, कारण लोक त्याच्या समोरून चालत जातात आणि बघतच नाहीत. कालिका देवीचं स्तोत्र, पंधरा लिप्या-भाषांमध्ये कोरलेलं, त्यात युरोपातल्या भाषांचे शब्दही आहेत, ऋतूंची नावं वगैरे. सतराव्या शतकात हिमालयाच्या कुशीतल्या राजाला हे कुठून मिळालं असेल? तिबेटकडून येणारे-जाणारे पाद्री या वाटेने जायचे, त्यांच्याकडून उचललं असणार. अंधश्रद्धा अशी की जो कोणी हा सगळा लेख वाचेल त्याच्यासाठी भिंतीतल्या तोटीतून दूध वाहायला लागेल. आजपर्यंत दूध आलेलं नाही, त्यामुळे विद्वान मंडळींना अजून संधी आहे.

राजवाड्यात शिरल्यावर दाराच्या आत नरसिंहाची काळी दगडी मूर्ती आहे, चांदीचं जडावकाम केलेली, हिरण्यकशिपूचं पोट फाडणारी, १६७३ ची. याची गोष्ट मला या सगळ्या चौकात सगळ्यात जास्त आवडते. राजाला नाचायची हौस. एकदा नरसिंहाचं सोंग घेऊन नाचला, नाच संपला तरी नरसिंह अंगातून उतरेना. राजा घाबरला. मग तांत्रिकांनी तोडगा काढला की मूर्ती करा आणि अंगातला देव त्या मूर्तीत उतरवा. म्हणून ही मूर्ती. पुढच्याच वर्षी राजा वारला, पण मूर्ती साडेतीनशे वर्षं झाली तशीच पोट फाडत उभी आहे.

आत नासल चौक लागतो, मोठं मोकळं अंगण. इथे राजांचे राज्याभिषेक व्हायचे, १९७५ मध्ये राजे वीरेंद्र यांचा इथेच झाला. २००८ मध्ये राजेशाहीच संपली. अंगणाच्या कडेला नऊ मजली बसन्तपुर टॉवर, मल्लांना हरवून गादीवर बसलेल्या पृथ्वीनारायण शाहाने १७७० मध्ये बांधलेला. २०१५ च्या भूकंपात याचे वरचे मजले कोसळले होते, नंतर चिनी मदतीने परत उभे केले. म्युझियमचा सुट्टीचा वार काउंटरवर विचारून घ्या, त्यासाठी मुद्दाम आलात आणि बंद निघालं असं व्हायला नको.

तिसरा थांबा: काळभैरव, खोटं बोलणाऱ्याचा काळ

बाहेर आल्यावर काळा, रंगवलेला, सहा हातांचा, कवटीचा मुकुट घातलेला भैरव दिसतो. एकाच दगडातला, माणसाच्या दुप्पट उंच. हा म्हणे शहराच्या उत्तरेला शेतात सापडला आणि प्रताप मल्लाने (परत तोच!) उचलून इथे आणला.

समजूत अशी की याच्या समोर उभं राहून खोटं बोललं तर रक्त ओकून माणूस जागच्या जागी मरतो. हे नुसतं म्हाताऱ्यांचं सांगणं नव्हतं, सरकार स्वतः याचा वापर करायचं. आरोपींना इथे आणून शपथ घ्यायला लावायचे, सरकारी नोकरीत रुजू होणाऱ्यांनाही शपथ इथेच. वकील नको, साक्षीदार नको. ज्याला देवाची खरंच भीती आहे तो समोर आला की आपोआप कबूल होणार. आता तिथे मंगळवार-शनिवारी दिवे लावणाऱ्यांची गर्दी असते. फोटो काढा पण पूजा करणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल नाचवू नका.

जवळच लाकडी जाळीच्या मागे श्वेतभैरवाचा प्रचंड सोनेरी मुखवटा आहे, १७९५ मध्ये रणबहादूर शाहाने केलेला. वर्षभर जाळी बंद, नुसत्या फटीतून एखादा दात किंवा डोळा दिसतो. इंद्रजात्रेला, म्हणजे भाद्रपदातल्या इथल्या मोठ्या उत्सवात, जाळी उघडतात आणि भैरवाच्या तोंडातून नळीने तांदळाची दारू सोडतात, खाली तरणी पोरं तोंड वासून झुंबड करतात. त्या दारूत एक जिवंत मासा सोडलेला असतो, तो ज्याच्या तोंडात पडेल त्याचं वर्ष भाग्याचं.

याच रणबहादूरने १७९७ मध्ये शेजारची मोठी घंटा बसवली, तिच्या आवाजाने भुतंखेतं पळतात म्हणून. या राजाचं पुढे काय झालं ते माहीत असेल तर घंटेकडे बघताना वेगळंच वाटतं. त्याची लाडकी राणी कांतावती आजारपणात गेली, त्याने सगळ्या देवांना साकडं घातलं होतं, कुणीही ऐकलं नाही, तेव्हा वेडापिसा होऊन त्याने देवळांवरच राग काढला, मूर्ती विटंबल्या, वैद्यांना शिक्षा केल्या. शेवटी १८०६ मध्ये सावत्र भावाच्याच हातून मेला. ज्या देवांच्या दारात घंटा बांधली त्यांच्यावरच उलटलेला असा हा माणूस.

चौकाच्या उत्तर-पश्चिम अंगाला कोत, म्हणजे शस्त्रागाराची जागा, आता लष्कराच्या ताब्यात, आत सोडत नाहीत. १४ सप्टेंबर १८४६ च्या रात्री इथे दरबारातले कितीतरी बडे लोक कापले गेले आणि जंगबहादूर राणा सत्तेवर आला, पुढे १०४ वर्षं राणा घराण्याने नेपाळ चालवला. आपल्याकडे १८५७ नंतर नानासाहेब पेशव्यांच्या घरच्या बायकांना काठमांडूत आसरा दिला तो हाच जंगबहादूर, आणि लखनौवर इंग्रजांच्या बाजूने फौज घेऊन गेला तोही हाच.

चौथा थांबा: कुमारी घर, इथे घाई करू नका

आता दक्षिणेकडे या. आधी शिव-पार्वतीचं देऊळ लागतं, वरच्या खिडकीतून दोघं नवरा-बायको रस्त्यावरची गंमत बघत बसलेत, शेजारीपाजारी बसतात तसे. बघून हसू येतं. पुढे पांढऱ्या खांबांची विलायती थाटाची गद्दी बैठक, १९०८ ची, या लाकडी गर्दीत ती अगदी सूट-बूट घातलेल्या पाहुण्यासारखी दिसते, तिच्यापाशी वेळ घालवू नका. समोर लाल विटांचं तीन मजली घर, दाराशी दोन सिंह, खिडक्यांवर असं कोरीवकाम की मान दुखेपर्यंत बघावं. हे कुमारी घर, १७५७, जयप्रकाश मल्ल.

जिवंत देवीबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शाक्य कुळातली, म्हणजे बौद्ध घरातली लहान मुलगी निवडतात, तिच्या अंगी तळेजूचा वास आहे असं मानतात, हिंदू राजा तिच्या पाया पडायचा. बौद्ध मुलगी आणि हिंदू देवी, आणि यात कुणालाच काही अडचण वाटत नाही, हे फक्त नेवार, म्हणजे या खोऱ्यातले मूळचे लोकच करू जाणोत. निवडताना बत्तीस लक्षणं बघतात, शंखासारखा गळा, गायीसारख्या पापण्या, सिंहासारखी छाती वगैरे. पहिली पाळी आली किंवा जास्त रक्त गेलं की देवी सोडून जाते आणि मुलगी घरी परत. २०१७ ला बसवलेली कुमारी आठ वर्षं राहिली, २०२५ च्या दशैंमध्ये जेमतेम अडीच-पावणेतीन वर्षांची नवीन मुलगी आली.

मूळ गोष्ट अशी सांगतात की तळेजू रात्री राजाशी सारीपाट खेळायला यायची. एके रात्री राजाच्या मनात पाप आलं (काही म्हणतात राणी चोरून बघायला आली), देवी रागावली, म्हणाली आता मी दिसणार नाही, शाक्यांच्या मुलीत शोध. दुसरी गोष्ट जयप्रकाशाची. अंगात येतं म्हणून याने एका लहान मुलीला राज्याबाहेर काढलं, त्याच रात्री राणीच्याच अंगात आलं, राजा हादरला, मुलीला परत आणलं, घर बांधून दिलं, रथ काढला. हा राजा खरोखरच चहूबाजूंनी वेढलेला होता, एकदा गादी गेली होती, गोरख्याचा पृथ्वीनारायण शाह खोऱ्याची नाकेबंदी करून बसला होता. अशा वेळी माणूस देवीला घर बांधणारच. आणि गंमत बघा, १७६८ मध्ये शहर इंद्रजात्रेत दंग असताना पृथ्वीनारायण फौज घेऊन आत शिरला, जयप्रकाश पळाला, आणि कुमारीने टिळा लावला तो नव्या राजाला. जात्रा थांबली नाही.

तेव्हापासून राजाला दरवर्षी कुमारीचा टिळा, आता राष्ट्रपती घेतात. १९५० च्या दशकात एका जात्रेत तिने राजे त्रिभुवन यांच्याऐवजी युवराज महेंद्र यांच्या कपाळाला टिळा लावला आणि काही महिन्यांत, मार्च १९५५ मध्ये त्रिभुवन वारले, हे म्हातारी माणसं अजून आवाज खाली करून सांगतात.

दर्शनाला आलेल्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं. ती गप्प, निर्विकार राहिली तर इच्छा पूर्ण. रडली किंवा मोठ्याने हसली तर आजारपण किंवा मरण. डोळे चोळले तरी वाईट. थरथरली तर तुरुंग. पुढ्यातला प्रसाद चिवडला तर पैशाचं नुकसान. अडीच वर्षांच्या पोरीने यातलं काहीच करू नये ही अपेक्षा म्हणजे कमाल आहे.

आणखी एक समजूत, जिचा त्रास खऱ्या माणसांना झाला. माजी कुमारीशी लग्न करणारा लवकर मरतो, असं म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक माजी कुमारींची लग्नं झालीत, पोरंबाळं आहेत, नवरे धडधाकट आहेत. तसंच रेड्यांची कापलेली मुंडकी असलेल्या अंधाऱ्या खोलीत रात्रभर ठेवून परीक्षा घेतात वगैरे गाईड रंगवून सांगतात, ते तिखटमीठ लावलेलं आहे. २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुमारी असली तरी तिचे शिक्षणासारखे मुलीचे हक्क काढून घेता येणार नाहीत. आता घरी शिक्षक येतात, नंतर पेन्शनही मिळते. मला विचाराल तर सबंध चौकातली सर्वात चांगली घडामोड हीच.

कसं बघायचं: अंगणात जायला सगळ्यांना परवानगी आहे. मधोमध उभे राहा, वरच्या खिडकीकडे बघा, बोलणं बंद. कधी सकाळी उशिरा, कधी दुपारी चारच्या आसपास ती क्षणभर खिडकीत येते, वेळेची गॅरंटी नाही. अंगणाचा फोटो चालतो, कुमारीचा अजिबात नाही, मोबाईल खिशात टाकून उभं राहायचं. लपवून काढायचा प्रयत्न करणाऱ्यांना तिथली माणसं सगळ्यांदेखत झापतात आणि बरोबर करतात.

पाचवा थांबा: जिथून शहराला नाव मिळालं

कुमारी घराच्या पश्चिमेला दोन मोठी देवळं, त्रैलोक्यमोहन नारायण (लोक नुसतं नारायण म्हणतात) आणि माजू देगा, नऊ पायऱ्यांवरचं शिवाचं. दोन्ही २५ एप्रिल २०१५ ला सकाळी ११:५६ च्या भूकंपात जमीनदोस्त झाली, ७.८ तीव्रतेचा धक्का होता. आज जी उभी आहेत ती नव्याने बांधलेली. नारायणासमोर हात जोडून गुडघ्यावर बसलेला दगडी गरुड मात्र जुना, समोरचं देऊळ पडलं तरी तो जागचा हलला नाही. माजू देगाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी जाऊन बसा, कॉलेजची पोरं, म्हातारे, चहावाल्या दिदी, सगळा चौक खाली पसरलेला. भूकंपात कुमारी घराला फारसं काही झालं नाही, तळेजूही वाचली, आणि याचं कारण चौकातल्या कुणालाही विचारलंत तर एकच उत्तर येईल.

शेवटी मारू टोलवर काष्ठमंडप. काठमांडू हे नाव यावरूनच आलं. देऊळ असं नाही, मोठी धर्मशाळा, तिबेटकडे जाणारे-येणारे व्यापारी थांबायचे. दंतकथा सांगते की मच्छिंद्रनाथाची रथयात्रा बघायला साक्षात कल्पवृक्ष माणसाचं रूप घेऊन आला, लीलावज्र नावाच्या तांत्रिकाने त्याला ओळखून बांधून ठेवलं, सुटकेच्या बदल्यात एक साल वृक्ष मागून घेतला आणि त्या एकाच झाडाच्या लाकडातून हा सगळा मंडप झाला. त्यावेळी असं ठरलं म्हणे की मीठ आणि तेल एकाच भावाने विकायला लागेल तेव्हाच याची प्रतिष्ठापूजा करायची. मीठ तेव्हा तिबेटमधून पाठीवर लादून यायचं, महाग होतं, तरी दोन्ही भाव काही जुळले नाहीत आणि पूजा राहिली ती राहिलीच.

भूकंपात हा पूर्ण कोसळला, आत त्या दिवशी रक्तदान शिबिर चालू होतं, माणसं गेली. नंतर पाया खणला तेव्हा पुराणवस्तूवाल्यांना कळलं की पाया सातव्या शतकाइतका जुना आहे, तोपर्यंत सगळे बाराव्या शतकातला समजत होते. खांबांखालच्या दगडांशी सोन्याच्या पत्र्याची मंडलंही सापडली. परत बांधायला शहरातलेच लोक पुढे आले आणि २०२२ पर्यंत लाकडाचाच नवा काष्ठमंडप उभा राहिला. आत गोरखनाथ आहे, चारी कोपऱ्यांत गणपती. बूट काढून आत जा, खांबाला हात लावून बघा, केवढं लाकूड आहे ते कळतं.

समोर अशोक विनायक, लोक मारू गणेश म्हणतात. इटुकलं देऊळ, कळसच नाही. पूर्वी इथे अशोकाचं झाड होतं म्हणून कळस ठेवला नाही असं सांगतात. नव्या राजाने इथे येऊन पाया पडल्याशिवाय त्याचं काम पूर्ण व्हायचं नाही, आणि आजही लांबच्या प्रवासाला निघणारा काठमांडूकर आधी इथे येतो. तुम्हाला पोखरा किंवा मुक्तिनाथचा रस्ता धरायचा असेल तर इथे डोकं टेकवून निघा, त्या घाटांमध्ये हातभार लागलेला बरा.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर हवा स्वच्छ. पण चौक खऱ्या अर्थाने जागा होतो तो इंद्रजात्रेत, भाद्रपद शुद्ध द्वादशीपासून आठ दिवस. हनुमान ढोक्यासमोर जंगलातून आणलेला उंच लाकडी खांब उभा करतात, लाखे नावाचा लाल मुखवट्याचा राक्षस नाचतो, बांबू-चटईचा हत्ती गर्दीत घुसून लोकांना पळवतो. हा हत्ती इंद्राचा. इंद्र म्हणे आईच्या व्रतासाठी पारिजातकाची फुलं चोरायला आला आणि माळ्याने बांधून घातला, आईने सोडवायला येऊन थंडीत धुकं आणि दव देईन असं कबूल केलं. कुमारीचा रथ निघतो तो अनंत चतुर्दशीला. म्हणजे आपल्याकडे विसर्जन मिरवणूक त्याच दिवशी, म्हणून मराठी माणूस इथे फारसा दिसत नाही. एखाद्या वर्षी घरी दीड दिवसाचा किंवा गौरी-गणपती उरकून निघालात तर जमून जातं, हॉटेल मात्र दोन महिने आधी बुक करा. रथाच्या दिवशी दुपारी बाराच्या आत माजू देगाच्या पायऱ्यांवर जागा धरा, नंतर मुंगीलाही शिरायला जागा नसते.

खाणंपिणं आणि किरकोळ

चौकाला लागून झोंछें नावाची गल्ली आहे, म्हणजे जुना फ्रीक स्ट्रीट. साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी इथे पडीक असायचे कारण गांजा-चरस दुकानात उघड मिळायचा, १९७३ मध्ये सरकारने बंद केलं. आता साधी हॉटेलं आणि स्वस्त लॉज. नेवारी खाणं इथे करून बघा, चतामरी म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, बारा म्हणजे उडदाच्या डाळीचा जाडसर वडा, समयबजी म्हणजे पोह्यांचं सणाचं ताट. मेनूवर "बफ" दिसलं तर ती म्हैस, शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा, मोमोमध्येही तेच असतं.

चौकात भगवे कपडे घातलेले, भस्म फासलेले साधू फोटोसाठी पोज देतात आणि मग पैसे मागतात, नको असेल तर कॅमेरा वर उचलूच नका. पाऊस पडून गेला असेल तर विटांची फरसबंदी फार निसरडी होते, चपला धड घाला. आणि परतताना राणीपोखरी वाटेत आहे, प्रताप मल्लाने मुलगा हत्तीच्या पायाखाली गेल्यावर राणीच्या दुःखासाठी खणलेलं तळं. मधलं देऊळ वर्षातून एकदाच सगळ्यांसाठी उघडतं, भाऊबीजेला, ज्यांना बहीण किंवा भाऊ नाही ते त्या दिवशी तिथे जातात. बाकी दिवशी कुंपणाबाहेरूनच बघायचं, संध्याकाळी पाचनंतर तिथून टॅक्सी मिळणं अवघड होतं तेव्हा ठमेलपर्यंत चालतच जा.